फुलपाखराखाली सात आरत्या

वसाहतीत घरं चौदा होती. चौदाही एकाच नकाशाची, गोवा मुक्त झाल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्याआधी उभी राहिलेली. प्रत्येक घराच्या बैठकीला दोन बाजूंनी काचा आणि एकाच बाजूला भिंत. चौथ्या बाजूला, बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये, काहीच नाही. दाराला उंबरा नाही, कारण दार सरकतं. पुढे मोटार ठेवायला खांबांवरचा मांडव. चौदापैकी बारा मांडवांत मोटार कधीच आली नाही. दारात मूत्रपिंडाच्या आकाराचं कमळांचं टाकं. त्यात कमळ एकाही वर्षी फुललं नाही आणि डास एकाही वर्षी चुकले नाहीत. आणि सगळ्यांवर फुलपाखरी छप्पर. दोन्ही पंख वर उचललेले, मध्ये खोलगट पन्हळ.

जगातली बाकीची छपरं पाणी घराबाहेर कसं जाईल ते पाहतात. हे छप्पर दोन्ही पंखांवरचं पाणी काळजीपूर्वक गोळा करून घराच्या बरोबर मध्यावर आणत असे. ज्या मुंबईच्या आर्किटेक्टनं ते काढलं तो डिचोलीत एप्रिलमध्ये आला होता आणि मेच्या पहिल्या आठवड्यात परत गेला होता.

चौदांपैकी अकरा घरांनी पुढच्या दहा वर्षांत छपरावर सिमेंटचे पत्रे चढवले, दोघांनी मंगलोरी कौलं. दुरून पाहिलं की वसाहत म्हणजे टोप्या घालून उभ्या केलेल्या साहेबांची रांग वाटे. उघड्या डोक्याचं घर एकच राहिलं. नऊ नंबर, निवृत्ती फोरमनचं.

"तेवीस वर्सां झाली. एक थेंब नाय," निवृत्ती सांगत. खाणीवरून रिटायर होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण बोलणं अजून शिटी वाजवून शिफ्ट बदलल्यासारखं असे. "बाकीच्यांका घर वापरूक कळला नाय."

घर वापरायचं कसं हे अनसूयेला कळलं होतं. ती त्यांची थोरली सून. लग्न होऊन आली तेव्हा छपराचा दुसरा पावसाळा होता. आल्याच्या आठवड्यात तिनं दोन साड्या जोडून स्वयंपाकघराला पडदा केला, आणि पहिल्या महिन्यात गळण्याच्या सहा जागा पाठ केल्या. घड्याळ हॉलात असे, म्हणून ती भाकऱ्यांवर मोजी. पाऊस जोरात लागला की पाच भाकऱ्यांनंतर न्हाणीघर. आठ झाल्या की मधली खोली, आल्माराच्या मागे. सगळ्यात उशिरा हॉल. वीस भाकऱ्या झाल्या की त्या एकुलत्या एक भिंतीपासून हातभर अंतरावर पहिला थेंब. तिची मुलगी पल्लवी यंदा बी.एस्सी. झाली होती, तिनं हातात घड्याळ धरून पडताळलं. एक भाकरी दोन मिनिटं. आईची चूक फार तर एका मिनिटाची.

तिनं बालद्या ठेवल्या, बालद्या उचलल्या, डागांवर चुना फिरवला, आणि सासऱ्यांच्या "एक थेंब नाय" ला बावीस वर्षं मान हलवली. खोटं बोलावं लागलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

यंदा विचारणार होते.

कारण पाळी गावातलं जुनं घर गेलं होतं. गेल्या पावसात खाणीची माती मागच्या परड्यात सरकली, आणि उन्हाळ्यात पैसे हातावर ठेवून कंपनीनं घराचा ताबा घेतला. त्याबरोबर घराण्याच्या गणपतीची जागाही गेली. चवथ दहा दिवसांवर आली होती, आणि गणपती यंदा कुठे बसणार हे ठरायचं होतं. उमेदवार दोन: नऊ नंबर, किंवा निवृत्तींच्या धाकट्या मुलानं, महेशनं, मयेला बांधलेलं नवं घर. गणपती ज्याच्याकडे जातो ते घर थोरलं ठरतं. एकदा गेला की पुन्हा हलत नाही. बावीस चवथी अनसूयेनं पाळीच्या मागच्या पडवीत नारळ किसण्यात काढल्या होत्या, कारण चुलीजवळ बसायचा मान घरवाल्यांचा, आणि नऊ नंबर हे, पाळीच्या लेखी, घर नव्हतं. ते क्वार्टर होतं.

पाळीचा लेख लिहिणाऱ्या जानकी आत्ये त्या रविवारी दुपारी पेडण्याहून बसनं आल्या. निवृत्तींची विधवा थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला आणि दुसऱ्यात पिकत आलेला. जुनं घर गेल्यापासून त्या पेडण्याला मुलीकडे होत्या, पण गणपतीचा शब्द अजून त्यांचाच. सरकत्या दाराशी त्या थांबल्या आणि चप्पल कुठे काढायची ते पायानं चाचपू लागल्या.

"उंबरो खंय?"

"नाय तो, आत्ये," अनसूया म्हणाली. "तशाच येवा."

"मगे बाहेर खंय संपता आणि घर खंय सुरू होता, ता कोणाक कळचा कसा?"

याचं उत्तर आर्किटेक्टनंही दिलं नसतं. अनसूयेनं त्यांना हाताला धरून वेताच्या कदेलीवर बसवलं, बशीत पावाचे उंडे आणि कोपात चहा दिला. आत्येंनी उंडा चहात बुडवला आणि सभा सुरू झाली.

महादेव, अनसूयेचा नवरा, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. गोवा राज्य होऊन अजून तीन महिनेही झाले नव्हते आणि तो स्वतः ते चालवत असल्यासारखा थकलेला असे. महेशचे तीन ट्रक खाणीची माती वाहत. मराठी की कोंकणी या वादात गेली दोन वर्षं दोघे भाऊ समोरासमोर होते. महादेव मराठीसाठी मोर्चात गेला होता, महेश कोंकणीसाठी. दोघांनी घोषणा दिल्या त्या आपापल्या. घरी येऊन भांडले ते मात्र दोघेही आईच्या बोलीत, आणि ती कुठल्या बाजूची हे ठरवायचं दोघेही टाळत.

"आत्ये, सरळ सांगतंय," महेश म्हणाला. "माझा घर नवा. वर कौलां. दाराक उंबरो असा. हॉलाक लाकडी वाशे घातलंय, मुद्दाम, माटोळी बांधूक. हंयसर माटोळी खंय बांधतलास? काचेक?"

हा घाव वर्मी होता. गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी टांगायची तर वासे हवेत, आणि नऊ नंबरात वासा औषधालाही नव्हता.

महादेवनं मात्र तयारी केली होती. तो आत गेला आणि वेल्डरकडून करून आणलेला चार पायांचा लोखंडी सांगाडा ओढत घेऊन आला. हिरवा रंग अजून चिकटत होता.

"हेका बांधूया."

सगळ्यांनी सांगाड्याकडे पाहिलं.

"दादा," महेश म्हणाला, "ही खाट उलटी कित्याक केलंस?"

महेशची बायको ज्योती खोकला आल्यासारखं करून खाली पाहू लागली. आत्येंनी उठून सांगाड्यावरून हात फिरवला; बोटं हिरवी झाली. ती त्यांनी महादेवच्याच शर्टाला पुसली.

"चलात," त्या म्हणाल्या. "देवाक लाकूड काय, लोखंड काय. माटोळेचा मी बघून घेतंय. माका एकच सांगा. घर गळता?"

"तेवीस वर्सां..." निवृत्तींनी सुरुवात केली.

"आबा!" महेश हसला. "वसाहतीत तेरा जणांनी टोपयो घातल्यो ते काय थंडी वाजता म्हणान?"

"तेंका वापरूक कळला नाय."

"थोडी ओल येता," महादेव म्हणाला. हेडक्लार्क असल्यानं त्याला कुठलीही गोष्ट पूर्ण खरी किंवा पूर्ण खोटी सांगायची सवय नव्हती.

"ओल म्हणजे थेंब काय नाय?"

"ओल म्हणजे... ओल."

आत्येंनी कोप खाली ठेवला. "आयक महादेवा. गणपती मातयेचो. माथ्यार एक थेंब पडलो आणि रंग फुटलो, तर वर्सभर घराण्यात जा काय होतला, ता त्या थेंबाच्या नावार जातला. शिंक आयली तरी. ओल-बिल माका सांगा नको. देव बसतलो खंय?"

जागा एकच होती. दोन बाजूंना काच, तिसरीला पडदा, मग भिंतीलाच पाठ टेकवायची. पल्लवीनं पाट मांडून दाखवला. अनसूयेनं पाटाकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं नाही. पाट भिंतीपासून हातभर पुढे होता.

"जरा मागे घे गो," ती म्हणाली.

"मागे कशी घेऊ, आई? प्रभावळ दीड फूट जाडीची. इथेच यायला हवा."

विज्ञान शिकलेल्या मुलीचा हाच एक तोटा होता.

बाहेर आभाळ मयेच्या बाजूनं काळं झालं होतं. आत्येंनी कान दिला. पहिले थेंब समोरच्या दहा नंबरच्या पत्र्यांवर वाजले. नऊ नंबरच्या छपराला आवाज नव्हता.

"बरा झाला," आत्ये म्हणाल्या. "देव आपणच परीक्षा घेता. त्या पाटार एक कोप ठेव गो चेडवा, कोरो. चवथीक पयल्या दिसाक आमच्यात सात आरत्यो. आज तालीम करूया. सात आरत्यो होईसर कोपात थेंब पडलो नाय, तर गणपती हंयसर. पडलो, तर मये."

"सात आरत्यो?" महेश म्हणाला. "तो पाच दिवस बसतलो, आत्ये!"

"पाच दिवस पाऊस खंय एकसारखो पडता? सात आरत्यो देवाक हलवचो नसता. तेवडो वेळ छपरान दम धरूक होयो. मगे बालद्यो ठेवा, छत्र्यो धरा, कोण विचारता?"

अनसूयेनं हिशेब केला. घुमटावर, त्या कातडं ताणलेल्या मडक्यावर, नेहमीच्या चालीत एक आरती तीन भाकऱ्या. सात आरत्या म्हणजे एकवीस. छपराचा दम वीस भाकऱ्यांचा.

"आत्ये, पाच पुरे नाय?" ती म्हणाली. "तुमका प्रवासाचो शीण..."

"वयनी, सात म्हणजे सात," महेश म्हणाला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "नऊ केल्यो तरी माका चलात."

"सातच," आत्ये म्हणाल्या. "घुमट हाडा."

घुमट कपाटावरून निघालं, पण ऑगस्टच्या दमट हवेत त्याचं कातडं ओल्या पापडासारखं ढिलं पडलं होतं. निवृत्तींनी त्यावर टिचकी मारली. भद्द. ते शेकायला हवं होतं. अनसूया निखारे पुढे ओढायला पडद्याआड गेली; निवृत्ती घुमट घेऊन मागोमाग चुलीपाशी आले आणि निखाऱ्यांवर धरून सावकाश फिरवू लागले. बाहेर पाऊस आता ओतत होता.

एक भाकरी. दोन भाकऱ्या.

"आबा, झाला असतला," अनसूया म्हणाली.

"कातडा हा. घाई केली तर फुटता."

ज्योती पडद्याआड आली. हातात रिकामी बशी होती, ती निमित्तापुरती. निवृत्तींना ऐकू जाऊ नये म्हणून ती अनसूयेच्या कानाशी आली.

"वयनी, खरा सांगा. पडतलो मा थेंब?"

"माका काय विचारतंस?"

"तुमका नाय तर कोणाक विचारू? आबांक?" ज्योतीनं बशी उगाचच पुसली. "तुमका वाटता मी ह्यांच्या बाजूची. ह्यांका पंचायतीक उभा रवचा असा. म्हणान गणपती होयो. गावान येवन जेवक होया. पाच दिवस, दोन्ही वेळ, चाळीस पानां. रांधूक कोण? पंचायत?"

अनसूयेनं तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत तिला नारळ किसायला बसवणाऱ्यांपैकी कुणी हे असं सांगितलं नव्हतं.

"मगे तू माझ्या वांगडा?"

"मी कोणाच्या वांगडा नाय," ज्योती म्हणाली. "मी माझ्या कंबरेच्या वांगडा. तुमीच घेवा तो देव. मी येतलंय, दोन नारळ किसतलंय आणि पडवेत बसान चाय पितलंय. पडवी खंय तुमच्याकडे?"

"नाय पडवी."

"तर मांडवात बसतलंय, स्कुटराच्या बाजूक."

घुमट टणकलं. तीन भाकऱ्या गेल्या होत्या. उरल्या सतरा. निवृत्ती उठले, सुनेकडे न पाहता घुमट मांडीला लावून पाहिलं आणि म्हणाले, "आज जरा जलद वाजवतंय. कातडा परत ढिला पडाच्या आधी."

ते बाहेर गेले. अनसूया निखाऱ्यांकडे पाहत राहिली. सासऱ्यांची कदेल पावसाळ्यात कुठे असते ते तिला आत्ता आठवलं. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत ती काचेला लागून असे. ते म्हणत, उजेडासाठी. दिवाळीनंतर ती परत भिंतीशी येई.

म्हाताऱ्याला माहीत होतं. बावीस वर्षं दोघं एकाच छपराखाली एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती.

बाहेर सगळे उभे राहिले. पाटावर कोरा कोप, समोर समई, महादेवच्या हातात निरांजनाचं ताट. पल्लवी भिंतीशी वही आणि घड्याळ घेऊन. आत्ये कदेलीत, कारण गुडघे.

पहिली आरती सुटली ती घोड्यासारखी. निवृत्तींची बोटं घुमटावर अशी पडत होती की महादेवला कडव्याच्या शेवटी श्वास घ्यायला जागा मिळेना. महेशच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं दुसऱ्या आरतीला ध्रुवपद दोनदा घेतलं. तिसरीला तीनदा. त्याचा आवाज मोठा होता, ट्रकच्या हॉर्नशी तीस वर्षं स्पर्धा केलेला. तो एकेक शब्द मयेच्या तळ्याएवढा पसरून धरू लागला. निवृत्ती पुढे पळत, महेश मागे ओढत, आणि महादेव डोळे मिटून मधल्या मध्ये फरफटत होता. त्याला फक्त भक्ती करायची होती.

"महेशा," निवृत्ती घुमट न थांबवता म्हणाले, "आरती हा. अंत्ययात्रा नाय."

"भावान म्हणतंय, आबा."

"भाव जलद म्हटलो तरी पोचता."

आत्ये हसल्या. चौथी झाली. पाचवी. अनसूया टाळ्या वाजवत होती आणि मनात भाकऱ्या थापत होती. तेरा. चौदा. पंधरा. सहावी देवीची. ती बायकांनी उचलली, आणि ज्योतीनं ती अशी दौडवली की महेशनं बायकोकडे वळून पाहिलं. ज्योती डोळे मिटून गात होती, तल्लीन. सतरा.

सातवी आरती ग्रामदेवाची, सगळ्यात लांब. अठरा. महेशनं ध्रुवपद धरलं आणि सोडेचना. एकोणीस. अनसूयेनं पहिल्यांदा वर पाहिलं.

छताच्या पांढऱ्या रंगावर, पाटाच्या बरोबर वर, रुपयाएवढा काळसर गोल उमटला होता. त्याच्या मध्यावर पाणी जमत होतं. ते फुगलं, चकाकलं, आणि लोंबू लागलं.

"द्या हंय," ती महादेवला म्हणाली. "तुमचो हात दुखलो असतलो." आणि त्याच्या हातातलं ताट घेऊन ती पाटासमोर गेली, वाकली, आणि ताट कोपावर धरून ओवाळू लागली.

थेंब पडला. निरांजनाच्या वातीवर. चर्र.

ज्योतीनं त्याच क्षणी असा वरचा सूर लावला की दहा नंबरच्या खिडकीत कोणीतरी पडदा सारला.

ओवाळायचं तर ताट फिरायला हवं, आणि थेंब अडवायचा तर ते हलता कामा नये. अनसूयेनं वर्तुळ लहान केलं. आणखी लहान. शेवटी ताट एका जागी नुसतं थरथरत राहिलं. लांबून पाहणाऱ्याला तिच्या अंगात येतंय असं वाटलं असतं. थेंब सुरुवातीला दहा-बारा सेकंदांनी येत होते, मग त्याहून लवकर. एक कुंकवात पडला, एक अक्षतांत, एक तिच्या मनगटावर. दंड भरून आले. पाठीत कळ आली. ती हलली नाही.

सातवी संपली. निवृत्तींनी घुमटावर शेवटची थाप मारली आणि हात उचलला.

"अजून एक!" महेश म्हणाला. "खाणीवरच्या देवाची! ती रवली!"

"आत्ये सात म्हणाल्यो," अनसूया वाकलेलीच म्हणाली.

"देवाक जास्त झाली म्हणान राग येता?"

आत्येंनी हात उचलला. अनसूयेला वाटलं थांबवतील. "म्हणूदे तेका," आत्ये म्हणाल्या. "सुरू झाली ती झाली."

आठवी झाली. ताटातली दुसरी वात विझली. ज्योतीचा गळा बसला. निवृत्तींनी ती आरती अशी वाजवली की कातडं मधोमध तडकलं, आणि शेवटची दोन कडवी त्यांनी मातीच्या मडक्यावर बोटांच्या पेरांनी पुरी केली. महादेव अजून डोळे मिटून होता.

"झाला," निवृत्ती म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "कोप उचल गो, पल्लवी. जलद."

पल्लवीनं आईच्या ताटाखालून हात घालून कोप अलगद ओढून घेतला. मगच अनसूया सरळ झाली. तिला सरळ व्हायला वेळ लागला. तिच्यामागे पाटावर टप्प असा आवाज झाला. ज्योतीनं लगेच पाटावर बूड टेकलं. "पाय दुखले गो बाई," ती म्हणाली.

"आरती दी माका," आत्ये म्हणाल्या.

अनसूयेनं ताट त्यांच्यापुढे धरलं. विझलेल्या दोन वातींमध्ये एक कशीबशी जळत होती. आत्येंनी तिच्यावर तळवे धरले, डोळ्यांना लावले. मग कुंकवात बोट बुडवलं. बोट बुडालंच. त्यांनी ते वर काढलं आणि दुसऱ्या बोटावर घासून पाहिलं. पिकत आलेला डोळा ताटाकडून अनसूयेच्या मनगटाकडे गेला, तिथून तिच्या चेहऱ्याकडे. पाऊस काचांवरून वाहत होता.

"कुंकू बरा कालवलंस," आत्ये म्हणाल्या, आणि ते ओलं बोट अनसूयेच्या कपाळावर टेकवलं.

"आत्ये, ताट बघूया मा," महेश पुढे आला.

"ताटाचा कोण बोललो? मी कोपाचा बोललंय." आत्ये पल्लवीकडे वळल्या. "तू सांग गो चेडवा. तू शिकलेला. तुका खोटा सांगूक येयत नाय. कोपात किती असा?"

पल्लवीनं आईकडे पाहिलं. अनसूया ताट घेऊन तशीच उभी होती, पदराचं टोक ठिबकत होतं. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सांगितलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच हॉलातला प्रश्न कुणीतरी सरळ विचारला होता, आणि तो तिला नव्हता.

पल्लवीनं कोप काचेच्या उजेडात धरला. उलटा केला. पालथ्या कोपाखाली कोरा कागद धरून झटकला आणि कागद तिरपा करून पाहिला. मग पट्टी लावली, बाहेरून आणि आतून.

"शून्य मिलिमीटर," ती म्हणाली.

मग ती खाली बसली आणि वहीत उतरवून घेतलं: आरत्या आठ. पाऊस लागल्यापासून सेहेचाळीस मिनिटं. थेंब एकतीस, पैकी कोपात शून्य.